सड्यावरून तेलाची पाइपलाइन: जमिनीचा भाव ठरेल, विहिरीचा कोण ठरवणार?

झरीकाठ | मंगळवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

मी मुरगाव तालुक्यात राहते. वाड्याचं नाव लिहीत नाही, कारण अधिकृत कागद अजून एकही हातात आलेला नाही. गेल्या पंधरवड्यात दोघेजण तिपाईवरचं यंत्र घेऊन आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, मोजणी करून गेले आणि चिऱ्यांच्या गडग्यावर तांबड्या रंगाच्या खुणा मारून गेले. पंचबाईंना विचारलं तेव्हा कळलं की बंदरापासून आतल्या डेपोपर्यंत पेट्रोल-डिझेलची नवी पाइपलाइन टाकायचा विचार आहे. तिची एक आखणी आमच्या सड्यावरून उतरते आणि काजूच्या भाटातून (बागेतून) शेतांच्या कडेने पुढे जाते. येत्या ग्रामसभेत विषय निघणार आहे.

मी मराठी शाळेत शिकवते, तेलाच्या धंद्यातलं मला काही कळत नाही. पण घरात रोज जेवताना हाच विषय चालतो, म्हणून इथे विचारते.

माझा धाकटा दीर टँकर चालवतो. पाइपलाइन आली की पहिल्यांदा त्याच्याच फेऱ्या जाणार. तरी तो म्हणतो, "वहिनी, येऊ दे." बारा हजार लिटर पेट्रोल पाठीशी घेऊन भर पावसात उतारावर ब्रेक दाबताना पोटात कसं होतं, ते त्यालाच माहीत. आमच्या तिठ्यावर शाळा सुटायच्या वेळेलाच टँकरांची रांग असते, आणि माझी मुलं त्याच रस्त्याच्या कडेने घरी जातात. त्याचं म्हणणं मला पटतं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. सड्याच्या पायथ्याशी आमची झरी आहे, तिच्याखाली वाड्याच्या अकरा विहिरी. एप्रिल-मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं तेव्हा सगळा वाडा या विहिरींवर जगतो. त्या एवढंच म्हणतात, "नळ फुटला तर माझ्या विहिरीला कोण जबाबदार, त्याचं नाव मला आधी सांगा." ते नाव मला माहीत नाही. दिरालाही नाही. पंचबाईंनाही नाही.

मला आंधळा विरोध करायचा नाही आणि आंधळी सहीही करायची नाही. फायदा नक्की किती, कुणाला, आणि धोका कुणाच्या दारात, हे ज्यांना कळतं त्यांनी लिहावं.


डिचोलीकर_ट्रकवाला | मंगळवार, रात्री १०.०५

ताई, तुमच्या दिराला नमस्कार सांगा. स्वतःचं पोट जाणार असताना असं बोलणारा माणूस विरळा.

आता माझं ऐका. माझे दोन ट्रक खाणीवर होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये परत बंद. सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं ते बरोबरच होतं, कायदा मोडलाच होता. पण बँकेचा हप्ता थांबला नाही. एक ट्रक भंगारात गेला, दुसरा अर्ध्या किमतीत. मुलगा आज दुबईत आहे.

म्हणून "प्रकल्प नको" एवढं वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. गोव्यात तरुणांनी करायचं काय? पर्यटन चार महिने, तेही किनाऱ्यावर. काम मिळत असेल तर आधी ते मोजा. खोदाईला माणसं लागतील, गाड्या लागतील, वेल्डर लागतील. अटी घाला, पण दार बंद करू नका.


पाइपलाइनवर_तीसवर्षं | मंगळवार, रात्री ११.२०

डिचोलीकर बाब, तुमचं दुःख समजतं. पण नोकऱ्यांचं खरं सांगतो, कारण मी याच कामात केस पांढरे केले, आधी आखातात, मग गुजरात-राजस्थानात.

पाइपलाइनचं काम म्हणजे वरात असते. खोदणारे पुढे, पाइप मांडणारे मागे, मग वेल्डर, मग जोड तपासणारे, मग बुजवणारे. वरात गावातून दोन-तीन महिन्यांत निघून जाते. वेल्डर आणि तपासनीस ठेकेदाराबरोबर बाहेरून येतात, गावच्या माणसाला मिळतं ते खोदकाम आणि राखण. नंतर उरतात लाइनवरून चालत पाहणी करणारे दोन लाइन वॉकर, व्हॉल्व्हच्या कुंपणाजवळचा पहारेकरी, आणि कंट्रोल रूममधली चार माणसं, तीही गावातली नसतात. पाइपलाइन स्वस्त पडते याचं मोठं कारणच हे, की तिला माणसं कमी लागतात. त्यामुळे रोजगाराच्या नावाने ती कुणी विकत असेल तर त्याला धंदा कळत नाही किंवा तो खरं सांगत नाही.

दुसऱ्या बाजूने, सुरक्षेत ती टँकरपेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही. रस्त्यावर वळण आहे, डुलकी आहे, समोरून येणारी बस आहे. जमिनीखाली यातलं काही नाही. नवी लाइन म्हणजे पोलादावर तीन थरांचं पॉलिथिलीनचं आवरण, प्रत्येक जोडाची तपासणी, पाण्याचा दाब भरून चाचणी, आणि गंज चढू नये म्हणून सतत सोडलेला सौम्य वीजप्रवाह. त्याला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात. ठरावीक वर्षांनी आतून पिग नावाचं यंत्र फिरतं आणि भिंत कुठे पातळ झाली ते नोंदवतं.

आता ज्याची भीती बाळगायची ते सांगतो. लोक विचारतात, फुटली तर? फुटली तर कळतं. दाब पडतो, घंटा वाजते, पंप थांबतो. मला झोप लागत नसे ती पाझरणाऱ्या लाइनमुळे.

हिशेब करा. समजा लाइनमधून तासाला २ लाख लिटर जातं. गळती पकडणारी बहुतेक यंत्रणा प्रवाहाच्या साधारण एक टक्क्याच्या वरची गळती लवकर पकडते. पाझर अर्धा टक्का असेल तर? तासाला १ हजार लिटर, दिवसाला २४ हजार. म्हणजे ताई, तुमच्या दिराचे दोन भरलेले टँकर रोज सड्यात जिरतील आणि घंटा वाजणार नाही. किती सोडलं आणि किती पोचलं याचा ताळा रोज नीट घातला तर ते सापडतं. पण "रोज" आणि "नीट" हे दोन्ही शब्द माणसांवर अवलंबून आहेत.

आणखी एक. बारा इंची पाइपच्या एका किलोमीटरमध्ये ७० हजार लिटरांच्या वर तेल मावतं. दोन व्हॉल्व्हमध्ये दहा किलोमीटरचं अंतर असेल तर पंप बंद केल्यावरही सात लाख लिटर मध्ये अडकलेलं असतं, आणि उतारावर ते सखल भागाकडे धावतं. तुमच्या वाड्याच्या वर आणि खाली व्हॉल्व्ह कुठे आहे, हा पहिला प्रश्न विचारा.


झरीकाठ | बुधवार, सकाळी ६.४०

बाब, तुमचा प्रतिसाद दिराला वाचून दाखवला. "रोज दोन टँकर" ऐकून तो चहा तसाच ठेवून उठला आणि सड्यावर जाऊन आला. काय बघून आलास विचारलं तर म्हणाला, "उतार कुठे जातो ते बघितलं." उतार झरीकडेच जातो.


वकीलबाय | बुधवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

तेलाच्या पाइपलाइनसाठी जमीन सहसा विकत घेतली जात नाही. १९६२ चा एक केंद्रीय कायदा आहे, पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनसाठी जमिनीतला वापराचा हक्क संपादन करण्याचा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) जमीन तुमच्याच नावावर राहते, सरकार फक्त खालून नळ नेण्याचा हक्क घेतं. भात आधीसारखं लावता येतं. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, तळं किंवा विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही.

हे शेवटचं वाक्य गोव्यासाठी जड आहे. विदर्भातल्या कपाशीच्या शेतात पाइपलाइन गेली तर पुढच्या वर्षी कपाशी परत उभी राहते. इथे काजू आहे, माड आहे, पोफळी आहेत. एकदा तोडलं की त्या पट्ट्यात परत नाही.

मोबदला? झाडं, पीक, जे नुकसान होईल त्याची भरपाई वेगळी, आणि हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येतं. अधिसूचना निघाल्यापासून हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. हा आकडा घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा, कारण अधिसूचना राजपत्रात येते आणि राजपत्र रोज कोण वाचतं? घराखालून, घराला लागून असलेल्या आवारातून, किंवा जमिनीपासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवरून नळ नेता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

आता ताईंच्या सासूबाईंचा प्रश्न. पूर्ण कायदा डोळ्यांखालून घाला: जमिनीचा भाव आहे, झाडाचा आहे, पिकाचा आहे. जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा भाव कुठेच नाही. आणि मोबदला मिळतो तो ज्याच्या उताऱ्यातून पट्टा जातो त्याला. पट्ट्यापासून दोनशे मीटर खाली ज्याची विहीर आहे, तो या कायद्याच्या नजरेत कुणीच नाही. त्याला नुकसान झाल्यावर यावं लागतं.

नुकसान झाल्यावर दारं आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २०१० चा कायदा आहे, त्यात चूक कुणाची हे सिद्ध न करताही भरपाई मागता येते. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. पण तिथे पहिला प्रश्न हा येतो: गळतीआधी तुमचं पाणी चांगलं होतं याचा पुरावा काय?


माटव्याचीभाची | बुधवार, दुपारी ३.५५

वकीलबाय, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून हात थरथरले, कारण आमच्या मामाला तो प्रत्यक्ष विचारला गेला.

२०२३ साली माटवे-दाबोळीत विहिरींच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला, शेतातही उतरलं, ते सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलंच असेल. मामाचं घर त्याच बाजूला. सुरुवातीला मामीला वाटलं कुणीतरी स्कूटर धुतली असेल. मग दोरीला वास, कळशीला वास, भाताला वास. पंप लावायचा नाही, ठिणगी पडेल म्हणून. ज्या विहिरीवर गणपतीत पन्नास माणसांचं जेवण होत असे, तिच्यावर झाकण घालून दगड ठेवला.

कुणाची लाइन, कुणाची चूक, ते इथे लिहीत नाही. पण चौकशीला आलेल्या माणसाने मामाला विचारलं, "याआधी कधी पाणी तपासून घेतलं होतं का?" कोण घेतं हो तपासून? आजोबांनी खोदलेली विहीर. पिढ्यान् पिढ्या पाणी प्यायलो, तीच आमची तपासणी.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं हे खरं, पण त्यातलं बेन्झीन पाण्यात विरघळतं, आणि त्याने कॅन्सर होतो. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. वास गेला म्हणजे बेन्झीन गेलं असं नाही. मामी आजही त्या विहिरीचं पाणी तोंडात घालत नाही.


रापणकर | बुधवार, संध्याकाळी ७.१५

समुद्राच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

टँकर कमी होतील, मान्य. जहाजं कमी होणार नाहीत. तेल बंदरापर्यंत जहाजानेच येणार. लाइन मोठी झाली तर जास्त येईल. ऑक्टोबर २०१९ मध्ये वादळी वाऱ्यात एक जहाज नांगर सोडून दोनापावलाच्या खडकांवर येऊन बसलं, आत सुमारे अडीच हजार टन नाफ्था (पेट्रोलसारखं पेट घेणारं तेल) आणि जहाजावर माणूस एकही नाही. ते दिवस आम्ही कसे काढले आम्हाला माहीत. नशीब, नाफ्था बाहेर आला नाही.

आणि दर पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, जाळ्याला चिकटतात, पायाला चिकटतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा माग बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रांपर्यंत आणि टँकर जहाजांपर्यंत काढला. आम्ही रॉकेलने पाय पुसतो आणि परत समुद्रात जातो. भरपाई आजपर्यंत कुणाला मिळाली नाही, कारण गोळ्यावर कुणाचं नाव नसतं.

ताईंच्या सासूबाई बरोबर विचारतात. नाव आधी पाहिजे.


कॅलगरीतला_गोंयकार | बुधवार, रात्री ११.५०

मी मूळचा फोंड्याचा, गेली चौदा वर्षं कॅनडात, आणि पगार तेलाच्याच धंद्यातून घेतो. तेव्हा मला पाइपलाइनचा शत्रू समजू नका.

इथे कीस्टोन एक्सएल नावाच्या प्रस्तावावर दहा-बारा वर्षं भांडण चाललं. आल्बर्टाचं जड तेल अमेरिकेत न्यायचं, दिवसाला ८ लाख ३० हजार बॅरल. प्रस्तावाच्या बाजूने बोलणारे रोजगार सांगायचे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २०१४ मध्ये अहवाल दिला: बांधकामाच्या काळात सगळं धरून सुमारे ४२ हजार रोजगार, आणि लाइन चालू झाल्यावर कायमचे सुमारे ५०. वर तीस वर्षंवाल्या काकांनी वरातीचं सांगितलं, तेच. ओबामांनी २०१५ मध्ये नाकारला, ट्रम्पनी परत आणला, बायडननी २० जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे कारभार घेतला त्याच दिवशी, परवाना काढून घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने काम सोडलं.

पण मला सांगायचंय ते नेब्रास्काचं. तिथले शेतकरी काही हवामानबदलाचे मोर्चे काढणारे नव्हते, बहुतेक तेलाच्या बाजूने मत देणारे. त्यांनी लाइन अडवली कारण पहिली आखणी सँडहिल्स या वाळूच्या टेकड्यांवरून जात होती, आणि तिच्याखाली ओगलाला हा आठ राज्यांना पुरणारा भूजलाचा साठा आहे. वाळूतून तेल थेट पाण्यात उतरेल, हा त्यांचा मुद्दा. कंपनीला आखणी बदलावी लागली. तुमचा जांभ्याचा सडा म्हणजे तुमची सँडहिल्स आहे.

दुसरी गोष्ट मिशिगनची. जुलै २०१० मध्ये तिथे एक जुनी लाइन फाटली. कंट्रोल रूममध्ये घंटा वाजत होती, पण बसलेल्यांना वाटलं लाइनमध्ये पोकळी झाली असेल, म्हणून त्यांनी पंप दोनदा परत चालू केला. खरं काय ते कळायला १७ तास गेले. सुमारे २० हजार बॅरल तेल कॅलमझू नदीत. जड तेल तळाला बसलं, साफसफाईला वर्षं लागली, खर्च १०० कोटी डॉलरच्या वर. म्हणजे "फुटली तर कळतं" हेही नेहमी खरं नाही, काका, माफ करा.

पण दुसरं पारडंही मांडतो. पाइपलाइन अडली की तेल थांबत नाही, रेल्वेने जातं. जुलै २०१३ मध्ये क्युबेकच्या लाक-मेगांतिक गावात तेलाची गाडी रात्री उतारावरून सुटून गावात घुसली. ४७ माणसं गेली, गावाचा मधला भाग जळून गेला. म्हणून "नको" म्हणताना त्याऐवजी काय चालू राहणार ते डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. ताईंच्या तिठ्यावरची मुलं त्या हिशेबात आलीच पाहिजेत.


पाइपलाइनवर_तीसवर्षं | गुरुवार, सकाळी ७.०५

माफी कशाला, तुमचं बरोबर आहे. घंटा वाजते, पण तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस खुर्चीत पाहिजे. मी मिशिगनचं उदाहरण नव्या पोरांना शिकवताना वापरत असे आणि इथे लिहायला विसरलो.


खाजनराखण | गुरुवार, सकाळी ९.३०

शेतांच्या कडेने जाणार म्हणजे खाजनातून का, ते ताईंनी स्पष्ट करावं. खाजन असेल तर गोष्ट वेगळी.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे, भरतीच्या पाण्याखालची, बांधाने राखलेली. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून पाणी घ्यायचं आणि सोडायचं, भरती-ओहोटीच्या वेळेवर. या बांधात माती, गवत, चिरे यांचं जे बसलेलं अंग आहे ते एकदा कापलं की तसंच परत बसत नाही. कंपनी म्हणते बुजवून देऊ. बुजवते. दुसऱ्या पावसात तिथूनच खच पडतो, आणि एका खचाने खारं पाणी शंभर शेतांत जातं. कोरगुटासारखं खाऱ्या जमिनीतलं भात सोडलं तर साधं भात ते सहन करत नाही.

नदी आणि बांध ओलांडायचा तर उघडा चर नको. खालून आडवं ड्रिलिंग करा, बांधाच्या पायाच्या बरंच खालून. महाग पडतं. पडू दे. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे, वकीलबाय त्यावर लिहितील.


वकीलबाय | गुरुवार, दुपारी १.४५

हो, भरती-ओहोटीचं पाणी जिथे येतं तिथे किनारपट्टी नियमनाची परवानगी लागेल, आणि त्या टप्प्यावर खाजनांचा मुद्दा मांडता येतो.

पण एक गैरसमज काढते. बऱ्याच जणांना वाटतं की पाइपलाइन म्हणजे पर्यावरणाची जनसुनावणी होणारच. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत तेलवायूच्या वाहक पाइपलाइन घेतल्या आहेत त्या राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागातून जाणाऱ्या. साधा सडा, काजूचं भाट आणि अकरा विहिरी त्या यादीत नाहीत. त्यामुळे ताईंच्या वाड्याला बोलायची जागा म्हणजे ग्रामसभा आणि ते २१ दिवस.


भूतखांबवाला | गुरुवार, संध्याकाळी ६.२०

आमच्या केरीत नव्वदच्या दशकात नायलॉन ६,६ चा कारखाना भूतखांबच्या पठारावर येणार होता. तेव्हाही मुंबई-दिल्लीचे लोक विचारायचे, उजाड पठार आहे, त्याला काय मोठं राखायचं? वर खडक आणि गवत दिसतं, खरं. पण जून ते सप्टेंबर जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जांभा पिऊन घेतो, खाली चिकण मातीच्या थरावर साठवतो आणि उन्हाळाभर झऱ्यांतून सोडतो. केरी-सावईवेऱ्याची कुळागरं, म्हणजे माड-पोफळींच्या बागा, त्या पाण्यावर उभी आहेत. माझा बाप अशिक्षित होता, पण हे त्याला माहीत होतं. जानेवारी १९९५ मध्ये त्या लढ्यात निलेश नाईक पोलिसांच्या गोळीने गेला. मग कारखाना गेला.

डिचोलीकर बाब, त्यानंतर आम्ही श्रीमंत झालो नाही. पण मे महिन्यात पाटाला पाणी असतं.

जांभा स्पंज आहे. पाणी जसं पितो तसं तेलही पिईल.


डिचोलीकर_ट्रकवाला | गुरुवार, रात्री ९.००

दोन दिवस सगळं वाचलं. नोकऱ्यांबद्दल मी चुकलो होतो, काकांनी आणि कॅलगरीवाल्यांनी सांगितलं ते मान्य. पेट्रोल स्वस्त होईल असंही वाटत होतं. विक्रीकर विक्रीवर बसतो, नळातून आलं की टँकरमधून त्याला फरक पडत नाही. वाहतुकीत वाचलेला पैसा कंपनीच्या वहीत राहतो.

म्हणजे फायदा असा: कंपनीला पैसा, रस्त्यावरच्या सगळ्यांना सुरक्षितता. धोका फक्त अकरा विहिरींना. खाणीच्या वेळी असंच होतं. डॉलर देशाला, धूळ आमच्या घरात, आणि आम्ही ट्रकच्या हप्त्यापायी गप्प. शेतात खाणीची माती वाहून आली तेव्हा मी स्वतः शेजाऱ्याला म्हटलं होतं, घे भरपाई आणि गप्प बस. तो आता बोलत नाही माझ्याशी.

तरी विचारतो: एवढ्या अटी घातल्या आणि कंपनीने दुसरा रस्ता धरला, तर टँकर तसेच राहिले ना?


झरीकाठ | गुरुवार, रात्री १०.४०

डिचोलीकर भाऊ, मी दोन रात्री हाच विचार करतेय. माझ्या मुलांना टँकर नको, आणि माझ्या सासूबाईंना विहीर पाहिजे. दोन्ही मागायला मला लाज वाटत नाही.

दुसरा रस्ता धरला तर काय, विचारलंत. धरू दे ना, सड्याऐवजी हमरस्त्याच्या कडेने. लांब पडेल, पोलाद जास्त लागेल. आज आखणी सड्यावरून जाते कारण तिथे घरं नाहीत आणि ती जवळची आहे. जवळची आहे म्हणून वाचणारा पैसा आमच्या पाण्याच्या जिवावर वाचतोय, हे या धाग्यामुळे मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. वकीलबाय म्हणाल्या तसं, कायद्यात पाण्याला भाव नाही. म्हणून ते मोफत समजलं जातंय. लांबच्या रस्त्याचा जो जादा खर्च, तोच आमच्या झरीचा भाव, असं मी ग्रामसभेत मांडणार आहे.

आणि सड्यावरूनच न्यायचा हट्ट असेल तर: झरीच्या वर आणि खाली व्हॉल्व्ह, त्या पट्ट्यात जास्त जाडीचा पाइप, उतारावर दोन निरीक्षण विहिरी ज्यांचं पाणी दर तीन महिन्यांनी पंचायतीसमोर तपासलं जाईल, आणि पट्ट्याबाहेरच्या विहिरीवाल्यांचीही नावं करारात. खाजन आमच्याकडे थोडंच आहे, पण खाजनराखण म्हणतात ती आडव्या ड्रिलिंगची अटही घालते. दिरासारख्या चालकांना डेपोत आधी काम, हेही लिहिलंय. तो "माझं घालू नको" म्हणाला, तरी घातलं.

एक विचारायचं राहिलं. विहिरींचं पाणी आधीच तपासून ठेवायचं तर नमुना कसा घ्यायचा? आमच्याकडे कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या आहेत.


पाइपलाइनवर_तीसवर्षं | गुरुवार, रात्री ११.१०

प्लास्टिक अजिबात नको. प्रयोगशाळेकडूनच गडद काचेच्या बाटल्या मागून घ्या. काठोकाठ भरायच्या, झाकणाखाली हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये, कारण बेन्झीन हवेत उडून जातं. उलटी करून बघा, बुडबुडा दिसला तर परत भरा. मग बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. प्रत्येक बाटलीवर विहिरीचं नाव, तारीख, वेळ, आणि शेजारच्या दोन माणसांच्या सह्या असलेला कागद. पेट्रोल लागलेल्या हातांनी बाटलीला शिवू नका, तुमच्या दिराला लांब ठेवा.


माटव्याचीभाची | गुरुवार, रात्री ११.३०

विहिरीचा फोटो, तळ दिसत असलेला, तोही काढून ठेवा ताई. आमच्याकडे एकही नाही.


झरीकाठ | रविवार, सकाळी ८.१५

अकरापैकी नऊ विहिरींचं पाणी सकाळी भरलं. दोन घरं मुंबईला असतात, त्यांना फोन केलाय. सासूबाईंनी आपल्या विहिरीची बाटली स्वतः भरली, दोनदा बुडबुडा राहिला, तिसऱ्यांदा जमलं. सह्यांच्या कागदावर त्यांनी पहिल्यांदाच आपलं पूर्ण नाव लिहिलं. दीर बर्फाचा डबा घेऊन निघालाय, बाटल्यांना हात न लावता. ग्रामसभा साडेदहाला आहे.


डिचोलीकर_ट्रकवाला | रविवार, सकाळी ८.४०

मी येतोय. बाहेरच्या माणसाला बोलू देत नाहीत हे माहीत आहे, मागे उभा राहीन.